ज्याच्या नावची गाडी

विषय : मुर्री येथील गुलाब मेश्राम यांच्या जुन्या छोट्या गाडीच्या भरवशाबाबत.
संदर्भ : बंटी, तुझा आजचा तोंडी प्रस्ताव, की कुणाची तरी वापरलेली गाडी स्वस्तात मिळते आहे, तर घ्यावी का.

वरील विषयास अनुसरून सांगतो. लाइट गेली आहे आणि इतक्यात येत नाही. रचना, तू ते पुठ्ठ्याने वारा घालणं चालू ठेव. काय म्हणतोस, बंटी? गाडीची गोष्ट की भुताची? प्रकरण एकच आहे. आम्ही कचेरीत अशी प्रकरणं एकाच फाइलला जोडत होतो.

गुलाब माझा शेजारी. गोंदियात झेरॉक्सचं दुकान चालवतो. खोटं रचायला जेवढी कल्पनाशक्ती लागते तेवढी त्याच्याकडे नाही, म्हणून त्याने सांगितलेलं मी खरं मानतो.

गाडी तीन मालकांनी वापरून त्याच्या गळ्यात घातलेली. मी एकदाच बसलो. डोकं टेकायच्या जागी कुणाच्या तरी तेलाचा काळा डाग. दाराच्या खिशात तंबाखूच्या खर्ऱ्याची वाळलेली थुंकी. पायाखालच्या रबराखाली केसांचा गुंता, ओलसर. एका मालकाचं तेल, दुसऱ्याचा खर्रा. केस कुणाचे हे विचारायची मला इच्छा झाली नाही. गुलाबला यातलं काही दिसत नव्हतं. "चालवून पाहा जी, स्टेरिंग लोण्यावानी हाय." स्टेरिंग लोणी असेल, पण गाडी सुरूच होत नव्हती. अर्ध्या मुर्रीचे हात तिच्या ढुंगणाला लागले होते. धक्का देणाऱ्याला तो आठवणीने गाडीत घ्यायचा आणि त्याच्या घरापर्यंत सोडायचा. तेवढी रीत त्याच्या अंगात होती.

तर, शुक्रवार, १८ नोव्हेंबर २०११. त्याच्या तीन महिन्यांच्या मुलीचं नामकरण विहारात होऊन आठवडा झाला होता. नामकरणाला आलेल्या आत्याबाईंना नवेगाव बांधला पोहोचवायला तो गाडी घेऊन गेला. आत्याबाईंनी जेवू घातलं. निघायला रात्रीचे साडेनऊ झाले. घरी बायको अंजना आणि लेकरू, म्हणून मुक्काम केला नाही.

नवेगावचा तलाव मागे पडतो न पडतो तोच गाडी बंद पडली. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला तलावाचं शेवटचं टोक. गुलाबने बॉनेट उघडलं, वायरींना हात लावून पाहिला. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण मालक असल्यासारखं वाटतं. मग आत बसून किल्ली फिरवत राहिला.

तेवढ्यात गाडी पुढे सरकली.

मागून कुणीतरी लोटत होतं. त्याने दुसरा गिअर टाकला, इंजिन लागलं. धक्का दिला त्याला सोडून कसं जायचं, म्हणून थांबला आणि खिडकीतून हाक दिली, "या जी, बसा."

मागचं दार उघडलं आणि लागलं. गाडी मागून दबली.

आरशात एक म्हातारा दिसला. दुपट्टा डोक्यावरून चेहऱ्यावर आलेला. धोतर ओलं.

"कुठं जाता जी?"

"चाल."

वास आला. तुम्ही बाजारात मासे साफ करतात त्या मोरीजवळून गेला असाल. तसा, पण चार दिवसांचा. गुलाबने काच खाली केली. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून अर्धीच. आणि गाडी अशी पळायला लागली, म्हणतो, की नवी असतानाही पळाली नसेल. चढावर टॉप गिअर. खडखड नाही, धूर नाही. त्याला गाणं म्हणावंसं वाटलं. नाकावर रुमाल धरून.

कोहमाऱ्याच्या चौकाआधी मागून आवाज आला. "थांब."

म्हातारा उतरला. आणि आपल्याकडे कुणीही उतरताना म्हणतो तसंच म्हणाला, "येतो जी."

यावर काय म्हणायचं असतं, रचना? बरोबर. गुलाबही तेच म्हणाला. वर स्वतःची भर घातली. "या जी, कवाही या. गाडी आपलीच समजा."

दुसऱ्या दिवशी मागची सीट ओली. उन्हात ठेवली, वाळली. संध्याकाळी पुन्हा ओली. दाबली की हिरवट पाणी यायचं, त्याला तार सुटायची. पण गाडी एका किल्लीत सुरू. गुलाब खूश. त्याने फिनाईल ओतलं, अगरबत्ती खोचली, सुगंधाची बाटली टांगली. आता फिनाईल, मोगरा आणि सडका मासा. मला बोलावून म्हणतो, "वास कमी वाटून राहिला ना जी?"

अंजना म्हणाली, "काऊन वो, कोन बसते तुमच्या गाडीत?"

"कोनी नाही. पावसाचं पानी मुरलं असंन."

"नोव्हेंबरात?"

लेकराला लस टोचायला नेलं तेव्हा ती मागे बसली. अगदी दाराला चिकटून. मांडीवरचं लेकरू पलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहून हसत होतं. हात पुढे करत होतं. मग मूठ तोंडात घालून चोखायला लागलं. अंजनाने बोट घालून तोंडातलं काढलं. खवला असेल असं तिला वाटलं.

खवला नव्हता. नख होतं. मोठ्या माणसाचं. मुळाला अजून थोडी कातडी होती.

वारा थांबवू नकोस, रचना.

अंजना त्याच दुपारी ऑटोने कामठ्याला, माहेरी गेली. गुलाब मागे गेला. म्हणाला, गाडी आंगणात ठेवत नाही, दूर धानाच्या बांधीत नेऊन उभी करतो. ती म्हणाली, "बांधीत ठेवा का नदीत टाका. कागदावर नाव तुमचं हाय. ज्याच्या नावची गाडी, त्याचा पाहुना. नाव काढा, मंग मी येतो लेकराले घेऊन."

बाई मॅट्रिक नापास, पण मालकीहक्काचा कायदा तिला आमच्या साहेबापेक्षा स्वच्छ कळत होता. आणि हा गृहस्थ माझ्याजवळ येऊन रडला, आणि रडता रडता सांगत होता, की गाडी आता एका बोटाने वळते. मला त्या वासाची आली नव्हती एवढी त्याची किळस आली.

मी म्हटलं, "तू त्याला या म्हणालास. आता येऊ नका म्हण."

"पाहुन्याले असं कसं म्हनू जी?"

"तोंडाने."

गेला. त्याच रस्त्याने, तलावाच्या टोकाशी. रात्री, कारण दिवसा त्याला सीट रिकामीच दिसायची. वाटेत मागून गाडी दबली, तेव्हा त्याने आरशात पाहिलं नाही. पोहोचल्यावर उतरला. मागचं दार उघडलं. स्वतः दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

"उतरा जी. आलं तुमचं ठिकान."

दार त्याने आणखी थोडं ओढून धरलं.

"घरी लहान लेकरू हाय जी. आता... येऊ नोका."

सीटमधून पाणी गळत होतं. थेंब. थेंब.

मग तेही थांबलं.

गाडी हळूच वर उचलली गेली. कुणी उतरल्यावर उचलते तशी. चिखलात पाय पडला. दुसरा पडला. जवळ.

"जा," गुलाब म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

...

मग कानाशी. अगदी कानाला लागून. गाळाचा श्वास.

"जा म्हनू नाही, बापू... या म्हनावं."

यावर तू काय बोललास, हे मी गुलाबला पुष्कळदा विचारलं आहे. तो विषय बदलतो. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. मोठं माणूस समोर आलं की त्याच्या तोंडून काय निघतं, मला माहीत आहे.

एवढं खरं, की त्या रात्रीनंतर सीट कोरडी. वास गेला. गाडीही पूर्वीसारखी, धक्क्याशिवाय हलेना. गुलाबने कामठ्याला निरोप पाठवला, की नाव काढतो, तयारी ठेव. चुन्नीलाल भंगारवाला गाडी न्यायला राजी होता. नोंदणी रद्द झाल्याचा कागद तेवढा आण म्हणाला. गुलाबने आरटीओत रीतसर अर्ज केला. मसुदा मीच लिहून दिला, त्यात खोट नव्हती.

पाहणीच्या दिवशी चौघांनी लोटत गाडी नेली. साहेब हिंदीवाले, नवीन बदलून आलेले. नंबर पाहिला, बॉनेट पाहिलं. मग मागच्या काचेतून आत वाकले आणि लगेच नाकाला रुमाल लावला.

"पहले बाबा को उतारिए," ते म्हणाले. "गाडी खाली करके लाइए, फिर देखेंगे."

गुलाबने आत पाहिलं. सीट रिकामी होती. कोरडी होती.

त्यानंतर तो दोनदा गाडी घेऊन गेला. साहेब दर वेळी वेगळे. बोलणं तेच.

मुलगी यंदा कामठ्याच्या शाळेत पहिलीत गेली. अर्ज प्रलंबित आहे.