घोड्याचे पुढचे पाय

ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

रात्र नव्हती. शनिवारची भर दुपार, नाट्यगृहाच्या मागची खोली.

मामा नाटकांसाठी प्राण्यांचे पोशाख बनवतो. तेव्हा त्याने घोडा केला होता. आत दोन माणसं. पुढचा उभा राहून डोकं सांभाळणार, मागचा वाकून त्याच्या कमरेचा पट्टा धरणार. सायकलच्या ब्रेकच्या वायरी मानेतून नेऊन मामाने कान, पापण्या, नाकपुड्या, सगळं हलतं केलं होतं. आठ महिने खपला. त्यात मशीनवर उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं.

आणि डोकं मिळालं दुसऱ्याला!

"तुमची उंची कमी पडते हो," दिग्दर्शक बाई म्हणाल्या. "तुम्ही मागे राहा."

पुढे आला एक उंच, देखणा नट. मामा त्याला हिरो म्हणायचा, अर्थात पाठीमागे. कौतुक हिरोचं, फोटो हिरोचे. मामाच्या वाट्याला घोड्याचं बूड. मामा इतका जळायचा की त्याला घास गिळवेना.

त्या शनिवारी चारला रंगीत तालीम होती. सकाळी मामाने हिरोला फोन केला.

"अरे, वेळ बदललीय. पाचला ये."

धडधडीत खोटं. हिरो आला नाही तर डोकं मामालाच घालावं लागणार होतं.

पावणेचारला मामा खोलीत शिरला...

घोडा उभा होता.

रिकामा असला की तो खुंटीला लोंबकळायचा. आता पुढच्या पायांवर ताठ उभा होता. मागचा भाग तेवढा जमिनीवर लोळत होता.

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी हिरोला खरी वेळ सांगितली होती तर!

"आलात वाटतं वेळेवर?" तो तिरकसपणे म्हणाला.

फक्त एक कान हळूच त्याच्याकडे वळला...

चरफडत मामा मागून आत शिरला. काळोख. समोर काळ्या कपड्यांतली पाठ. त्याने पट्टा धरला. पट्टा गार होता.

तालीम सुरू झाली. मानेतून वायरी सरकताना मामाला ऐकू येत होत्या.

टक... डावा कान.

टक... अर्धीच पापणी.

मग थांबून, नाकपुडी.

ही खुबी मामाने कुणालाच दाखवली नव्हती. स्वतःसाठी राखून ठेवली होती.

'याला कुणी शिकवलं?' मामाने पट्टा करकचून आवळला. कपाळ त्या पाठीला टेकलं.

पाठ हलत नव्हती. श्वासच नव्हता...

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेत येताच मामाने चेन ओढली आणि धडपडत बाहेर पडला. समोरून हिरो धापा टाकत आला, खांद्यावर बॅग.

"दादा, तुम्ही पाचला म्हणालात ना?"

घोड्याचे पुढचे पाय जमिनीवर पसरले होते. रिकामे. मामाची मूठ अजून आवळलेली होती, आत काहीच नव्हतं.

बाई धावत आल्या. "म्हणजे डोक्यात तुम्ही होतात? अहो, मागे कुणाला का घेतलं असेना, पण आधी नाही का सांगायचं! उद्यापासून पुढे तुम्हीच. आणि हे उशिरा येणारे मागे."

मामा गप्प बसला. डोकं मिळत होतं ना!

रविवारी पहिला प्रयोग. मामाने पट्टा बांधला, डोकं चढवलं. नाकपुडीच्या जाळीतून हिरो समोर दिसत होता, बुटाची नाडी बांधताना. मामाला हसू आलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी पट्टा धरला.

करकचून...

मामाने बोटं मोजली. पाठीला ती नीट कळत होती. मधलं बोट अर्धं होतं.

त्या दिवसापासून मामा पट्टा वापरत नाही. पँटला नाडी बांधतो. आम्हाला हसू येतं, पण त्याच्यासमोर हसवत नाही.

परवा मी धीर करून विचारलं, "मामा, त्या हाताला तुझा राग आला होता का रे?"

मामाने स्वतःच्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं.

"राग नाही रे," तो म्हणाला. "त्याला पुढे यायचं होतं."