न वाजलेली शिट्टी

शिट्टी वाजलीच नाही.

आजींनी पुन्हा गाल फुगवले. जोर लावला. मानेच्या शिरा टरारून वर आल्या. टाळ्यांसाठी उचललेले सगळ्यांचे हात हवेतच राहिले. पितळेच्या त्या शिट्टीतून फुंकरीएवढाही आवाज निघाला नाही.

दरवर्षी याच दिवशी ती वाजायची. फुटबॉलच्या त्या गाजलेल्या अंतिम सामन्यात आजींचे वडील पंच होते. हीच शिट्टी फुंकून त्यांनी शेवटच्या क्षणी झालेला गोल रद्द केला होता. क्रीडा वारसा संग्रहालयाचा हा जीव की प्राण. वर्षभर काचेत आणि एक दिवस आजींच्या ओठांत.

"ही बाबांची नाही," आजी पुटपुटल्या. "ही भरीव आहे."

संचालकबाईंनी शिट्टी उजेडात धरली. तोंडाच्या फटीत नुसता काळा रंग फासलेला. त्यामागे भोकच नव्हतं. त्यांनी ती टेबलावर आपटली, तशी ती ठणकन उडाली आणि उलटीपालटी झाली. वरची दोरी ओवायची कडी मात्र जराही हलली नाही. डावीकडे कललेली ती तश्शीच ताठ, एखाद्या मेलेल्या किड्याच्या पायासारखी.

मग सगळ्या नजरा ताईकडे वळल्या.

टकळी ताईला खेटून उभी राहिली. टकळी म्हणजे ताईची धाकटी बहीण. सुट्टीत ताईकडे राहायला आलेली. तोंड म्हणून मिटत नाही, म्हणून घरात पडलेलं हे नाव. ताई इथली निवासी डिजिटल कलाकार. संग्रहालयातच राहायचं, जुन्या वस्तूंचे शेकडो फोटो काढायचे, ते जोडून संगणकावर हुबेहूब वस्तू उभी करायची आणि त्यातून आपली कलाकृती घडवायची, हे तिचं काम. आयुष्यातली पहिली मोठी संधी.

"स्कॅन कोणी केला? तू," संचालकबाई बोटं मोडत म्हणाल्या. "वस्तू छापायचं यंत्र कोणाच्या खोलीत? तुझ्या. पोलीस निघालेत. तुझा करार संपला समज. आणि यापुढे तुला कुठलं संग्रहालय दारात उभं करतं, तेच बघते!"

ताईचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

खांबापाशी जतनकार काका उभे होते. वस्तूंची निगा राखणारे, पांढऱ्या हातमोज्यांतले, जेमतेम चार शब्द बोलणारे. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर त्या सामन्याचा भला मोठा फोटो होता. गोल रद्द झालेला खेळाडू डोक्याला हात लावून बसलेला. सुपाएवढे कान असलेला.

काका फोटोकडे बघत नव्हते. शिट्टीकडेही नाही.

*

ताईच्या खोलीबाहेर पहारेकरी मामांना बसवलं होतं. आत टकळी ताईची उलटतपासणी घेत होती.

"खरं सांग, तू केलंस?"

"टकळे!"

"विचारायला लागतं गं. बरं, भोक बुजलं कसं?"

"कॅमेऱ्याला शिट्टीच्या आतलं दिसत नाही. जे दिसत नाही तिथे प्रतिमेला खिंडार पडतं. मी ते तसंच ठेवते. न पाहिलेलं रचायचं नाही. पण एक बटण दाबलं की खिंडार आपोआप बुजतं, आणि मग ती प्रत कुठल्याही साध्या संगणकावर उघडते."

"अशी बुजवलेली प्रत कोणाला दिलीस?"

"दोघांना. काकांना त्यांच्या नोंदीसाठी हवी होती, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मागून घेतली. बाईंना नंतर दिली, दालनातल्या पडद्यासाठी."

"नंतर का?"

"पहिला स्कॅन सावलीने बिघडला होता. तो मी पुसला आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी पुन्हा मांडून नव्याने केला."

"हे कोणाला माहीत होतं?"

"कोणाला सांगू? स्वतःचा गाढवपणा कोणी मिरवतं का?"

टकळीने दार उघडलं. मामांनी हात आडवा घातला.

"तुला जायला मनाई नाही, पण तोंड बंद."

"मामा, आजचा दिवसच खराब."

"खराब? उफराटा! अगं, शिट्टीच्या वेळी जतनकारसाहेब दरवर्षी बाहेर येऊन माझ्यापाशी बसतात. म्हणतात, आवाज सोसत नाही. यंदा मी खुर्ची पुसून ठेवली, तर साहेब आतच! इतकी वर्षं न सोसलेला आवाज आज बरा सोसणार होता!"

टकळी थेट दालनाकडे पळाली.

दालन रिकामं होतं. दिवे अर्धे मालवलेले. काचेआडचे जुने बूट, फाटके चेंडू आणि पट्ट्या गुंडाळलेल्या बॅटी श्वास रोखून पाहत असल्यासारख्या वाटत होत्या. कोपऱ्यातल्या पडद्यावर ताईने उभी केलेली शिट्टी सावकाश फिरत होती. टकळीने बोटाने ती थांबवली. मग टेबलावरच्या खोट्या शिट्टीकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.

"काय शोधतेस, बाळ?"

ती दचकली. काका मागेच उभे होते. पावलं वाजलीच नव्हती.

"काका, हिची कडी का हलत नाही?"

"नक्कल आहे. एकसंध ओतली की कडी हलायची कशी?"

"ओतली? बाई तर म्हणाल्या, छापली."

काकांनी हातमोजा नीट केला. बराच वेळ केला.

*

"पोलीस येण्याआधी मला बोलायचंय," टकळी म्हणाली. सगळे टेबलाभोवती जमले होते. तिचा आवाज खणखणीत होता.

"बाई, पडद्यावर बघा. कडी कुठे कललीय?"

"उजवीकडे," संचालकबाई वैतागून म्हणाल्या.

"आणि या खोट्या शिट्टीची?"

बाईंनी ती उचलून पडद्याशेजारी धरली.

"डावीकडे. खऱ्या शिट्टीची कडी सैल आहे, आडवी ठेवली की कुठल्याही बाजूला पडते. पहिल्या दिवशी ती डावीकडे पडली असणार. तो स्कॅन ताईने पुसला. दुसऱ्या दिवशी ती उजवीकडे पडली. ताईकडे उजवी, तुमच्याकडेही उजवी. डावी कडी या जगात एकाच माणसाकडे उरली होती. पहिल्याच संध्याकाळी प्रत मागून नेणाऱ्याकडे. त्याला वाटलं, स्कॅन म्हणजे स्कॅन, सगळे सारखेच."

टकळीने खोटी शिट्टी बाईंच्या हातातून घेतली.

"ताईचं यंत्र प्लॅस्टिक छापतं. ही पितळेची, बाहेरून ओतून घेतलेली. 'ओतली' हे मला काकांनीच सांगितलं. आणि काका, दरवर्षी तुम्ही बाहेर पळता. यंदा थांबलात. कारण ती वाजणार नाही हे या दालनात फक्त तुम्हाला ठाऊक होतं."

तिने फोटोकडे बोट केलं. मग काकांच्या कानांकडे. तेच सुपाएवढे कान.

काकांनी हळूहळू हातमोजे काढले.

"माझा बाप तो," ते म्हणाले. "शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिला, गोल मारेपर्यंत मला शिट्टी ऐकू आली नाही. लोक रस्त्यात गाठून विचारायचे, एवढे कान, आणि ऐकू आली नाही? त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. आणि तुम्ही दरवर्षी वाजवता. दरवर्षी टाळ्या. एकदा, फक्त एकदा, मला ही शांतता ऐकायची होती."

"मग सरळ मोडूनच टाकायची होतीत!" संचालकबाई ओरडल्या.

"मोडायला हात धजला नाही. जन्मभर वस्तू जपल्या आहेत."

"आणि माझ्या ताईला मोडायला धजला?" टकळी म्हणाली.

काकांची मान खाली गेली. खिशातून त्यांनी मऊ कापडाची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली, आणि मामांसोबत दाराकडे चालू लागले.

संचालकबाई ताईकडे न बघताच बोलल्या, "करार... राहू दे तसाच."

"बघून बोला," ताई म्हणाली.

बाईंनी पाहिलं. "चुकले मी."

"पण ही तरी खरी कशावरून?" म्हणत बाईंनीच लगेच गुंडाळी सोडली.

आजींनी शिट्टी उचलली. कडी सैलपणे डुलली. त्यांनी ती ओठांना लावली.

आवाज काचांना चिरत गेला.

काकांचा एक पाय दाराबाहेर होता. तो तिथेच थबकला. पाठ वळलेलीच राहिली.

"ऐकू आली," ते म्हणाले.