पाचवी क्लिप

चष्मेवाले काका आत्याच्या घरात शिरले ते आधी कपाळाने. चौकटीवर असा आवाज झाला की कपाटातल्या बरण्यासुद्धा दचकल्या.

"वाका," आत्या म्हणाली. उशीर झाला होता.

सोफ्यावर बसलेल्या ढब्बूला मनापासून आनंद झाला आणि पाठोपाठ त्या आनंदाची लाजही वाटली. ढब्बू म्हणजे आत्याचा भाचा. आत्याने उभा जन्म विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या भानगडी घेऊन थेट घरीच यायला लागले. डोकं चालवायचं काम तिचं, गाडी चालवायचं ढब्बूचं.

त्या गाडीवरूनच ढब्बूचा काकांवर राग होता. मागच्या महिन्यात दाढ ठणकत होती, म्हणून तो गालाला बर्फाची पिशवी धरून गाडी चालवत होता. काही दिवसांत घरी नोटीस: 'गाडी चालवताना कानाला मोबाइल.' पुरावा पाठवणारे अर्थात चष्मेवाले काका.

चष्म्याचं दुकान बंद केल्यावर काकांनी सायकल घेतली आणि हँडलला कॅमेरा लावला. कोणी सिग्नल तोडला, कोणी सायकलीच्या अंगावर गाडी घातली, की क्लिप पोलिसांकडे. अर्ध्या गावाने दंड भरला होता. उरलेलं अर्धं गाव पायी चालायला लागलं होतं.

"माझ्या मुलीची क्लिप कोणीतरी पोलिसांना पाठवलीय," काका टेंगूळ चोळत म्हणाले. "माझ्याच खात्यातून!"

"मुलगी म्हणजे ती ड्रायव्हिंग शिकवते ती?"

"तीच. गेल्या गुरुवारी सकाळी बेकरीच्या वळणावर तिच्या शाळेची गाडी एका सायकलीला अगदी घासून गेली. समोर कुत्रं आडवं आलं, त्याला ती काय करणार? पण शिकणाऱ्याची चूक झाली तरी शिकवणाऱ्याला धरतात. उद्या सुनावणी आहे. परवाना गेला तर शाळेला कुलूप. आणि तिला वाटतंय मीच पाठवली! त्याच रात्री फोनवर नोटीस आली, तेव्हापासून आठवडाभर एक शब्द बोललेली नाही माझ्याशी."

"आणि तुम्ही पाठवली नाहीत?"

"गुरुवारी मी सायकलला हातसुद्धा लावला नाही. सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला गेलो होतो. संध्याकाळी बुधवारच्या चार क्लिपा पाठवल्या. पोलिसांना मिळाल्या पाच!"

"पाठवता कशा?"

काका खुलले. "सोपं आहे. काही घडलं की हँडलवरचं लाल बटण एकदा दाबायचं. टीं वाजतं. कॅमेरा आधीची दोन आणि नंतरची दोन मिनिटं बाजूला काढून ठेवतो. पोलिसांना कापलेली क्लिप चालत नाही. गाडीचा नंबर यंत्रच वाचतं. संध्याकाळी फोनवर 'सगळ्या पाठवा' दाबलं की झालं."

"पाठवण्याआधी बघता ना?"

"म्हणजे काय! डोळ्यांत तेल घालून. एकेक तीनतीनदा."

"बर्फाची पिशवीसुद्धा तीनदा बघितली का?" ढब्बू पुटपुटला. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची दाढ पुन्हा ठणकली.

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," काका ओशाळले. "मी विसरतो ना. फ्रिजवर चिकटवलाय."

ती क्लिप आत्याने ढब्बूला पूर्ण बघायला लावली. सगळ्यांनी फक्त मधले दहा सेकंद बघितले होते. सुरुवातीला नुसताच रस्ता, तोही कासवाच्या गतीने. सायकल दोनदा कडेला थांबली, एकदा एका झुडपात शिरून परत आली. मग मागून शिकाऊ पाटीची गाडी आली. खिडकीतून क्षणभर चालवणारा दिसला: उन्हाची फळी खिडकीकडे वळवलेली, त्यामुळे चेहरा नाही, डोकं छताला टेकलेलं, मान वाकडी. टीं टीं टीं टीं टीं! गाडीने अख्खा रस्ता झाकला, मागचे दिवे लाल झाले, आणि ती पुढे गेली. त्यानंतर सायकल चालली खरी, पण माणूस खाली उतरून ढकलत असावा, इतकी हळू.

"काय दिसलं?" आत्याने विचारलं.

"गाडी."

"अजून?"

"झुडूप."

आत्याने सुस्कारा सोडला आणि चपला घातल्या.

काकांच्या परसातल्या खोलीत सायकल उभी होती. ढब्बू पुढे झाला आणि त्याने आधी पुढचं टायर दाबलं. दगडासारखं घट्ट. त्याने पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

कारण बुधवारी दुपारी, काका झोपलेले असताना, याच चाकाची सगळी हवा त्याने सोडली होती. बर्फाच्या पिशवीचा सूड. तेव्हा फार मजा वाटली होती.

"हवा कधी भरलीत?" आत्याने काकांना विचारलं.

"रविवारी. दर रविवारी भरतो. मधे लागतच नाही."

म्हणजे हवा दुसऱ्याच कोणीतरी भरली होती! हा केवढा मोठा धागा होता, आणि तो फक्त ढब्बूच्या हातात होता. सांगायचा तर आपल्याला कसा कळला हेही सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटून घेतलं.

आत्या इकडेतिकडे बघत होती. पंप जमिनीवर पडलेला, त्याचा खिळा मात्र काकांच्या डोक्याच्या उंचीवर. पुढच्या व्हॉल्व्हला टोपी नाही, मागच्याला आहे. काका सायकलीला टेकून उभे राहिले, तर सीट त्यांच्या मांडीच्या मध्यापर्यंतही येत नव्हती.

"गुरुवारनंतर चालवलीत?"

"मनच होत नाही हो," काका म्हणाले आणि खाली बघायला लागले.

घरात काकूंनी चहा केला. काकू अंगाने एवढ्याशा. कपाटातले कप काढायला त्यांनी स्टूल घेतलं. तळहाताला चिकटपट्टी होती.

"काय लागलं?" आत्याने विचारलं.

"तव्याचा चटका."

"गुरुवारी सायकल कोणी नेली असेल?"

"मला सायकलीतलं ओ की ठो कळत नाही. जन्मात बसले नाही."

"ते हँडलवर लाल बटण आहे ना, ते कसलं हो?"

"हॉर्नचं असेल," काकू कप पुसत म्हणाल्या. "मला काय माहीत!"

मुलीच्या शाळेत एक टेबल, एक फळा आणि दारात ती बदनाम गाडी होती. मुलगी वडिलांसारखी उंच नव्हती, पण रागात तेवढीच वाटत होती.

"कुत्रं अचानक आडवं आलं. विद्यार्थ्याने गाडी सायकलीकडे वळवली. मी माझ्या बाजूचा ब्रेक मारला. धक्का लागला नाही. हे तो सायकलवाला सांगू शकेल, पण तो आहे कुठे? तो मिळाला तर उद्या वाचेन, नाहीतर संपलं."

"गाडी चालवत कोण होतं?"

"नाव नाही सांगणार. मी शब्द दिलाय."

"वडिलांवर एवढा राग?"

"ज्या माणसाने..." ती थांबली. "त्यांनाच विचारा. त्यांना जगातलं सगळं दिसतं ना? माझी परीक्षा घ्यायला कोणालातरी सायकलवर बसवलं असेल. त्या दिवसापासून मी त्यांचा फोनही उचललेला नाही."

उरला समोरच्या रस्त्यावरचा दुसरा ड्रायव्हिंग शाळेवाला, ज्याला सगळे मिशाळ म्हणत. तो क्लिपा मागे घ्या म्हणून विनवायला दोनदा काकांच्या घरी, म्हणजे फ्रिजपर्यंत, जाऊन आला होता.

"मी नाही पाठवली," तो मिशी कुरवाळत म्हणाला. "पण ज्याने पाठवली त्याचा पत्ता मिळाला तर कळवा. हार घेऊन जातो."

"गुरुवारी संध्याकाळी कुठे होता?"

"चौकीत. दंड भरत होतो. म्हाताऱ्याच्याच कृपेने! रांगेत माझ्या पुढे माझा बारावा विद्यार्थी होता, मागे माझी बायको."

गाडीत बसल्यावर आत्याने गोळी शोधायला समोरचा खण उघडला, काहीतरी बघितलं आणि गोळी न घेताच तो बंद केला.

"मिशाळच आहे," ढब्बू गाडी सुरू करत म्हणाला. "त्याचाच फायदा आहे."

"ढब्बू, टायर का दाबलंस रे?"

"असंच."

"बरं," आत्या म्हणाली. तिच्या 'बरं'ला ढब्बू लहानपणापासून घाबरायचा.

संध्याकाळी आत्याने सगळ्यांना काकांच्या स्वयंपाकघरात बसवलं. मुलगी दाराशीच उभी राहिली, वडिलांकडे पाठ करून. फ्रिजवरचा पासवर्ड सगळ्यांकडे बघत होता.

"आधी सायकलवाला," आत्याने सुरुवात केली. "ही क्लिप काकांच्या सायकलवरून घेतलीय. पण काका एवढे उंच, आणि सीट खाली केलेली. पंपाचा खिळा वर, पंप जमिनीवर, कारण परत टांगायला हात पोचला नाही. चालवणारा नवशिका; दोन मिनिटांत त्याने झुडूपही पाहिलं. आणि लाल बटण. काका ते एकदा दाबतात. क्लिपमध्ये ते पाच वेळा वाजतं. असं कोण दाबतं? ज्याला ते हॉर्न वाटतं तो."

काकूंनी कप खाली ठेवला आणि चिकटपट्टीचा तळहात मिटला.

"तव्याचा चटका तळहाताच्या मधोमध कसा बसेल, काकू? पडलात ना?"

"दोनदा," काकू म्हणाल्या. मग एकदम सुटल्या. "हे रोज सकाळी एकटे जातात. म्हटलं, आपणही शिकावं, एक दिवस यांच्या बरोबरीने निघावं. हे गुरुवारी व्यायामाला जातात, तेव्हाच जमायचं, तेही ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून. आणि मागून ही गाडी आली! मी हॉर्न वाजवला. वाजवतच राहिले. नोटीस आली तेव्हा कळलं, माझ्यामुळे पोरीचं... पण बोलू कशी? एवढं वय झाल्यावर सायकल शिकतेय म्हणून हसतील सगळे."

"आई!" मुलगी वळली. "तू होतीस?"

"पण पाठवली कोणी?" काका उठले. "हिला फोनसुद्धा धड लावता येत नाही!"

"तुम्ही," आत्या म्हणाली. "बटण दाबलं की क्लिप बाजूला पडते. संध्याकाळी तुम्ही 'सगळ्या पाठवा' दाबलंत. चार का पाच हे बघितलंच नाहीत."

"मी एकेक क्लिप तीनदा..."

"काका, ढब्बूच्या क्लिपमध्ये बर्फाची पिशवी आहे. निळी, पाणी गळणारी. चष्मे विकण्यात जन्म घालवलेल्या माणसाने ती एकदा जरी बघितली असती, तरी तिला मोबाइल म्हटलं नसतं. तुम्ही कुठलीच क्लिप बघत नाही."

काका हळूच खाली बसले.

"आता राहिला गाडी चालवणारा," आत्या म्हणाली. काका आणि मुलगी दोघंही एकदम फरशी बघायला लागले. "क्लिपमध्ये कुत्रं दिसत नाही; गाडीने रस्ता झाकलाय. काकूंनाही ते दिसलं नसणार. कुत्रं दिसणार फक्त गाडीतल्या दोघांना. मुलगी तुमच्याशी आठवडाभर बोललेली नाही. मग आज सकाळी तुम्ही मला कुत्र्याचं सांगितलंत, ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

फ्रिज घरघरला.

"डोकं छताला टेकलेलं, मान वाकडी. माझ्या चौकटीने तुम्हाला तेव्हाच ओळखलं होतं."

"हिला पाठीच्या उपचाराला न्यायचं असतं," काका फुटले. "दर वेळी शेजाऱ्यांची गाडी मागायची, आणि शेजाऱ्यांना मीच दंड लावलेला! म्हटलं, आपणच शिकावं. पण मी गाडी शिकतोय हे गावाला कळलं असतं तर... म्हणून व्यायामाचं नाव केलं."

"म्हणजे तुम्ही मला घासून गेलात," काकू सावकाश म्हणाल्या, "मी तुमची क्लिप काढली आणि तुम्ही स्वतःच स्वतःची तक्रार केलीत."

"आणि मला वाटलं," मुलगी म्हणाली, "स्वतः चूक करून माझ्यावर ढकलताय."

"मला सांगायला तोंडच नव्हतं गं," काका म्हणाले. "वाटलं, दुसरा कोणीतरी सापडावा. कोणीही."

ढब्बूला वाटलं, आता तरी सुटलो. तेवढ्यात आत्याने मुठीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. व्हॉल्व्हची छोटी काळी टोपी. गाडीच्या खणातली.

"काकू, गुरुवारी निघायला उशीर झाला होता का?"

"झाला ना! चाकात हवाच नव्हती. भरता भरता जीव गेला. नाहीतर मी दर गुरुवारी त्या वेळेपर्यंत बेकरी ओलांडून घरी आलेली असते."

सगळे टोपीकडे बघत होते. मग एकेक करून सगळे ढब्बूकडे बघायला लागले.

"दाढ फार दुखत होती," ढब्बू म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

सुनावणीला साहेबांनी विचारलं, "तक्रारदार कोण?"

"मी," काका म्हणाले.

"गाडी चालवत कोण होतं?"

"मीच."

"सायकलवर?"

"मी," काकू म्हणाल्या. "धक्का लागला नाही साहेब. पोरीने वेळेवर ब्रेक मारला, मागचे दिवे लागलेले मी बघितले. चूक माझी, मी भररस्त्यात हॉर्न वाजवत बसले."

"नाही, चूक माझी," काका म्हणाले.

"हवा मी सोडली," मागून ढब्बूने हात वर केला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. तो काकांच्याच दुकानातला होता. पूर्ण क्लिप त्यांनी स्वतः बघितली, लाल दिव्यांशी थांबवून पुन्हा बघितली, आणि मुलीला ताकीद देऊन परवाना कायम ठेवला. काकांना सांगितलं, पुन्हा पहिल्या धड्यापासून शिका, आणि आजवर पाठवलेल्या सगळ्या क्लिपा बसून बघा. पहिली शिक्षा काकांनी हसत घेतली. दुसरी ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

पुढच्या रविवारी दारावर टकटक झाली. काका हातात फोन घेऊन उभे होते. डोळे तांबारलेले.

"तुझी क्लिप बघितली," ते ढब्बूला म्हणाले. "तीनदा. बर्फाची पिशवीच आहे. तक्रार मागे घेतली." आवाज खाली आला. "अशा अजून बऱ्याच निघाल्या रे. एका बाईंना दंड झालाय, त्या नुसत्या डोळे पुसत होत्या."

ढब्बूने खिशातून काळी टोपी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आज रविवार आहे. हवा मी भरून देतो. दोघांच्याही सायकलींची."

"एकच सायकल आहे. अजून."

काका आत यायला निघाले. मान फोनमध्ये, पुढची क्लिप सुरू.

"काका," ढब्बू म्हणाला, "वाका."

या वेळी उशीर झाला नव्हता.