लाल फुली

आजीने जन्मभर शिवणकाम केलं होतं, त्यामुळे परदेशात, एवढ्या बर्फात येऊनही तिची नजर आधी गेली ती कोटांच्या शिलाईवर. सहलीचा शेवटचा दिवस होता आणि डोंगरातल्या या गावात थंडी कडाक्याची. मुलाने हॉटेलशेजारच्या दुकानातून चार कोट भाड्याने आणले होते. चारही काळे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. तिने न्याहारीआधी सुईदोरा काढला आणि प्रत्येक कॉलरच्या आत एक लाल फुली घातली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना घालायची तशीच, शेवटची गाठ डावीकडे वळवून. मुलाचा, सुनेचा, नातीचा आणि स्वतःचा. चौथ्या कोटाशी दोरा संपला.

"आई, भाड्याचे आहेत हो. दुकानदार ओरडेल," सून म्हणाली.

"संध्याकाळी उसवून देते. उसवायला कितीसा वेळ लागतो?"

नात आठ वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. ट्राममधून उतरताच तिने आपल्या तिकिटाची होडी केली. ही कला आजोबांची. ते बसकंडक्टर होते, आणि दर हिवाळ्यात म्हणायचे, "निवृत्त झालो की दोघं मिळून बर्फ बघू." निवृत्त झाले, पण बर्फ राहून गेला. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आजच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणायचं नाही, असं आजीने मनाशी पक्कं केलं होतं. पोरीची सहल आहे, रडगाणं कशाला?

"प्रवास संपला ना गं?" तिने भिंगरीला विचारलं.

"हो! त्याशिवाय तिकीट दुमडायचं नाही, माहितेय मला."

आजोबांचा तो नियमच होता. कामाच्या कागदाला त्यांनी कधी घडी घातली नाही.

पुढे खेळण्यांचं संग्रहालय होतं. दाराशी कोट काढून द्यायचे आणि मग आत जायचं. चावीच्या बाहुल्या, लाकडी घोडे, बोटभर आगगाडी. आजी भिंगरीइतकीच रमली. बाहेर येताना कोट सांभाळणाऱ्या बाईने पाच कोट पुढे केले.

"आम्ही चौघं आहोत," मुलाने तिला सांगितलं.

बाईने पाचव्याची कॉलर उलटली. आत लाल फुली होती. आजीने चष्मा पुसून पाहिलं. गाठ डावीकडे वळवलेली होती.

"तू पाच फुल्या घातल्यास का?" मुलाने विचारलं.

"दोरा चारालाच संपला रे."

"असेल दुकानातलाच. संध्याकाळी परत देऊ." मुलगा घाईत होता.

कोट चांगला लांबरुंद होता. आजीने तो हातावर घेतला. चौघांचे कोट आतून गारठले होते, हा मात्र कुणी आत्ताच अंगातून काढावा तसा ऊबदार होता. तिने खिशात हात घातला. एक होडी लागली. ट्रामच्या तिकिटाची, आणि त्यावर भिंगरीच्या बोटाचा चॉकलेटचा डाग. पण हे तिकीट भिंगरीचं नव्हतं, आजीचं होतं; सकाळी तिने ते घडी न घालता पर्समध्ये ठेवलं होतं.

तिला घाबरायला हवं होतं. पण मनापासून सांगायचं तर तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. तिने होडी हळूच परत खिशात ठेवली.

दुपारी गोठलेल्या तळ्यावर सगळे भरपूर पडले. सून पडली, तिला उठवायला गेलेला मुलगाही पडला, आणि भिंगरीची हसून हसून पुरेवाट झाली. आजी बाकावर बसली होती. कोट तिने शेजारी टेकवून ठेवला होता, तळ्याकडे तोंड करून.

"बघा एकदाचा," ती हळूच म्हणाली.

उठताना खिशात दुसरी होडी होती. संग्रहालयाच्या तिकिटाची.

दिवेलागणीला दुकानात तिने चार फुल्या उसवल्या. दुकानदाराने चार कोट घेतले आणि पाचवा परत सरकवला.

"त्यांचा नाही म्हणे," मुलगा म्हणाला. "एवढं मोठं माप ते ठेवतच नाहीत. आता काय करायचं याचं?"

"राहू दे माझ्याकडे," आजी म्हणाली.

हॉटेलवर सगळे बॅगा भरू लागले. पहाटेचं विमान होतं. आजी भिंगरीच्या खोलीत पलंगावर बसली आणि तिने कोट मांडीवर घेतला. दिवस सोन्यासारखा गेला होता. ती एकदाही रडली नव्हती.

शेजारच्या खोलीतून मुलाचा आवाज आला. "अगं, विमानाची तिकिटं छापून या पाकिटात ठेवली होती ना? तिघांचीच आहेत."

"नीट बघा. आईंचं खाली पडलं असेल."

आजीने कोटाच्या खिशात हात घातला.

होडी या वेळी मोठी होती. कागद कोरा करकरीत, घड्या नखाने दाबून पक्क्या केलेल्या. बाजूवर तिचं नाव होतं, आणि उद्याची तारीख.

कोटाची बाही तिच्या मनगटावर येऊन पडली होती. आतून ऊबदार होती.

"आई," दारातून मुलाने विचारलं, "तुझं तिकीट पाहिलंस का कुठे?"