आठ दहाच्या बसची मोजणी

श्यामला बसच्या पायरीवर चढली तेव्हा दाराशी एक उंच तरुण आडवा उभा होता, आणि बाजूला व्हायचं त्याच्या मनातही दिसत नव्हतं. ती कन्नडमध्ये म्हणाली, स्वल्प सरका. तो बोटभर सरकला. त्याचे ओठ मात्र हलतच होते.

"अकरा… बारा… तेरा…"

माणूस कुठल्याही गावी जावो, मनातल्या मनात मोजतो ते आपल्याच भाषेत. श्यामलाचे वडील, अण्णा नागोजीराव, बंगळूरला आलेल्या मराठी घराच्या तिसऱ्या पिढीतले. अस्तर-बटणांचं दुकान. गिऱ्हाइकाशी कन्नड, व्यापाऱ्याशी तमिळ, देवाशी संस्कृत. पण अस्तराचं कापड मोजताना त्यांचे ओठ मराठीतच हलतात. त्यामुळे तिला राहवलं नाही.

"चौदा," ती म्हणाली.

तो दचकला. "काय?"

"तेरानंतर चौदा. मी चौदावी."

"तुम्ही… मराठी?"

"तुम्ही चेकर?"

"नाही हो. मी मोजून राहिलो."

मोजून राहिलो! असं मराठी तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती खिडकीकडे वळून हसली, आणि ते त्यानं पाहिलं.

तो नागपूरचा. नाव यशोवर्धन. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाच्या मुठीत होतं एक लिंबाएवढं यंत्र. माणूस चढला की अंगठा दाबायचा, आकडा एकानं पुढे. गळ्यात बस महामंडळाचं ओळखपत्र, काखेत फळी, फळीवर कागद. कोणता प्रवासी कुठे चढला, कुठे उतरला, हे पंधरा दिवस टिपायचं. कंडक्टर मंजुनाथच्या तिकिटांवरून किती चढले ते कळतं, उतरतात कुठे ते कळत नाही. म्हणून तो प्रत्येकाला पाठ केलेल्या एकाच कन्नड वाक्यात विचारायचा, कुठे उतरणार. म्हातारे उत्तराऐवजी त्यालाच विचारायचे: गाव कुठलं, लग्न झालं का. झालं नव्हतं. हे श्यामलाला तिसऱ्या दिवशीच कळलं. तिनं विचारलं नव्हतं, तरी कान तिकडेच होते.

आतल्या गल्ल्यांतून मेट्रो स्टेशनपर्यंत ही छोटी बस नऊ मिनिटांत जायची. म्हणजे रस्ता मोकळा असला तर. तो कधी मोकळा असतो, हे या गावात कोणी कोणाला विचारत नाही. पण आता एखाद्या दिवशी बस सिग्नलला अडकली नाही, तर श्यामलाला चुकल्यासारखं वाटू लागलं होतं.

'थोडं'च्या जागी तिचं कन्नड 'स्वल्प' आलं की तो हसायचा, ती त्याच्या 'राहिलो'ला. तो कोरमंगलाच्या पीजीत राहतो, तिथल्या चपात्या पापडासारख्या मोडतात, हेही तिला कळलं. मग एकदा तिनं डब्यातली पोळी कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाली, हे तुमच्या कागदावर लिहू नका.

"लिहितो की," तो म्हणाला. "शेऱ्याच्या रकान्यात. प्रवासी उदार आहेत."

"सगळे?"

"नाही. एकच… स्वल्प उदार."

आठव्या दिवशी तो गप्प होता. तिनं दोनदा विचारल्यावर, सांगू नये ते त्यानं सांगितलं. या मार्गावर सकाळच्या या फेरीला सरासरी अठरा माणसं हवीत. भरत होती सोळा. अठरा नाही झाली तर पुढच्या महिन्यापासून ही बस दुसऱ्या वस्तीला देतील. तेही कधीपासून मागत आहेत.

श्यामलानं दांडा घट्ट धरला.

चार वर्षांपूर्वी तिनं एक चांगली नोकरी सोडली होती, कारण दोन बस बदलून जायला पावणेदोन तास लागायचे आणि यायला त्याहून जास्त. मग तीन वर्षं अण्णांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना बटणं दाखवली. निळ्याला निळं, हिरव्याला हिरवं. मग ही छोटी बस सुरू झाली, आणि मल्लेश्वरमच्या एका संस्थेत ग्रंथालयाची नोकरी मिळाली. दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून पन्नास मिनिटांत टेबलाशी. कुणाला 'सोडता का' म्हणायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. चालत जायचं तर मेट्रो पंचवीस मिनिटं, फुटपाथ नसलेल्या रस्त्यानं. एवढ्या जवळ यायला रिक्षावाले मान हलवतात. आणि घरी अण्णा प्रेमानंच म्हणणार, "नाहीतर दुकान आहेच की."

त्या रात्रीच्या जेवणात तिनं ते सांगून टाकलं. अण्णांनी अगदी तेच वाक्य म्हटलं. पण अंबुबाई आत्या ताक ओतता ओतता थांबली.

अंबुबाई म्हणजे गल्लीतल्या भजनी मंडळाची सर्वेसर्वा. बारा बायका तिच्या शब्दात. तिनं विचारलं, बायकांना बस फुकट आहे ना? आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं ना? मग अठरा काय, तीस करू.

श्यामला नको म्हणाली. पण कसं म्हणाली… आत्याच्या कानापर्यंत पोचू नये, इतक्या हळू.

दहाव्या दिवशी आठ दहाला स्टॉपवर तेरा नऊवारी-पाचवारी उभ्या. टाळ घरी ठेवलेले, पण पिशवीत चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, होता. बस भरली. मंजुनाथ शून्याची तिकिटं फाडून दमला, आणि प्रत्येकीनं त्याला 'काय मंजण्णा, जेवण झालं का' विचारलं, सकाळी आठला. मेट्रोपाशी सगळ्या उतरल्या, बाकावर बसून चित्रान्न खाल्लं, त्याच बसनं परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

यशोवर्धनचा अंगठा थांबेना. त्याचा चेहरा असा उजळला की श्यामलाला त्याच्याकडे बघवेना. सरासरी एकोणीसच्या वर गेली होती. तुमची बस वाचते बघा, तो म्हणाला, आणि हे त्यानं स्वतःच्या घरचं काही वाचल्यासारखं म्हटलं.

तिला आनंद व्हायला हवा होता. ती रात्री तीनदा उठून पाणी प्यायली. सकाळी साडेसातलाच गॅलरीत. कशाची वाट बघतेय, बसची की त्याची, की दोन्ही येऊच नयेत याची, ते तिलाच ठरवता येईना.

तेराव्या दिवशी बस वाटेत अडकली. पुढे रस्ता खणलेला, मागे शाळेच्या गाड्या. मंडळाच्या बायकांनी हळू आवाजात अभंग धरला होता. यशोवर्धन तिच्या सीटपाशी आला. ऑफिसातून काल फोन आला होता म्हणे. आकडे एकदम कसे वाढले, म्हणून वरिष्ठांनी खोदून विचारलं.

"मग… तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, माझ्या डोळ्यांनी मोजलेत. माझी खात्री आहे."

बस जागची हलत नव्हती. हलली असती तर कदाचित तिनं सांगितलंच नसतं. पण समोर तोच खड्डा, तीच पिवळी पट्टी, आणि त्याचा तो विश्वासानं वाकलेला चेहरा… किती वेळ बघत बसणार?

"त्या माझ्या आत्याच्या मंडळातल्या आहेत," श्यामला म्हणाली. "तेराही जणी. कुणाला कुठे जायचं नाही. बससाठी आणलंय त्यांना. मला माहीत होतं."

तो सरळ उभा राहिला. अभंगाचं एक कडवं संपलं, दुसरं लागलं.

मग त्यानं फळी काढली आणि त्या चार दिवसांवर एकेक आडवी रेघ मारली. रेघा सरळ आल्या नाहीत, बस उभी असूनही.

"आधी सांगायचं ना," तो एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मेट्रोपाशी ती उतरली, तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही. चौदाव्या दिवशी आत्याला तिनं घरीच थांबवलं. आत्या म्हणाली, "खरं बोलून बस मिळते होय गं?" आणि मग तिचा चेहरा बघून चित्रान्नाची पिशवी परत आत नेली.

पंधराव्या, शेवटच्या दिवशी तो स्वतःच तिच्यापाशी आला. हातात मंजुनाथनं दिलेली तिकिटांची यादी.

"अजून एक चूक निघाली," तो म्हणाला. "ही माझी. मंजुनाथ म्हणतो, सर, सकाळच्या फेरीत तुमचा एक माणूस रोज कमी. मी म्हटलं, शक्यच नाही. काल रात्रभर स्टॉप-स्टॉप जुळवून राहिलो. एकाच स्टॉपवर कमी. तुमच्या."

ती यादीवर वाकली.

"तुम्ही चढता ना… तेव्हा माझा अंगठा थांबते. पहिल्या दिवसापासून. तुम्ही एकदाही माझ्या मोजणीत नाही."

"मग… मला धरून?"

"तुम्हाला धरून सतराच्या थोडं वर. तरी पुरत नाही."

दोघंही हसले, हसण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यानं दोन्ही चुका अहवालात लिहिल्या होत्या. तेरा बायका का आल्या तेही, आणि मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं हेही. लक्ष कुठे होतं ते विचारायला ऑफिसात रकाना नाही, असं तो म्हणाला. त्याला बोलणी बसली, आणि या भागाच्या कामातून काढून व्हाइटफिल्डकडे टाकलं. स्टेशन आलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. मागचे उतरायची घाई करत होते, आणि मंजुनाथनं शिट्टी दिली.

एक तारखेला बस बंद झाली. दुसऱ्या वस्तीत सुरू झाली. तिथेही कुणी बटणं दाखवत बसलेली असेलच, श्यामलाला वाटलं, आणि त्यामुळे धड चिडताही येईना. आदल्या रात्री अण्णांनी दुकानाची दुसरी किल्ली टेबलावर तिला दिसेल अशी ठेवली होती.

तिनं किल्ली खुंटीला अडकवली आणि पावणेआठलाच चालत निघाली.

कोपऱ्यावर यशोवर्धन उभा होता. बाइकवर, दोन हेल्मेटं घेऊन. कोरमंगलाहून तिच्या जे. पी. नगरला सकाळच्या गर्दीत यायचं म्हणजे सहाला उठला असणार. मी रोज सोडत जाईन, तो म्हणाला. व्हाइटफिल्ड उलट्या बाजूला आहे, हे त्यानं सांगितलं नाही. तिला माहीत होतं.

हेल्मेट तिच्या हातात आलं. ते नवं होतं, आतलं कागदी लेबलही तसंच. मन इतकं भरून आलं की ती घालणारच होती…

"नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर मी घरी बसायचं? भांडलो आपण, तर त्या दिवशी ग्रंथालय बंद? मला कुणी सोडायला नको, यशोवर्धन. मला माझी बस हवी." तिनं हेल्मेट परत त्याच्या हातात दिलं. "यायचं असेल तर चालत या."

त्यानं बाइक भिंतीला लावली.

रस्त्याला एका बाजूनं गटार, दुसऱ्या बाजूनं वाहनं. चालायला एक पांढरी रेघ तेवढी. ती पुढे, तो मागे. आणि पाचच मिनिटांत तो मागून विचारू लागला: ही पुढची माणसं कोण? ते लुंगीवाले, ते पाठीवर पिशव्यावाले, त्या शाळेच्या बाई? श्यामला म्हणाली, सगळे मेट्रोला. रोज असेच. बस कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. कंटाळून चालायला लागले ते परत चढलेच नाहीत.

तो थांबला. "म्हणजे मी बसमधलेच मोजले."

"बसमधलेच."

"न चढलेल्यांना कुणी मोजलंच नाही." हे तो स्वतःशीच म्हणाला, पण पावलं भराभर पडू लागली. आठवडाभर मोजायला हवं, तो म्हणाला, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकाला विचारून. मला या भागात मोजायची परवानगी नाही, पण रहिवाशांनी मोजून अर्ज दिला तर घ्यावाच लागतो. तक्ता कसा आखायचा ते मी दाखवीन. पण मोजायचं तुम्ही. खरं.

"खरंच मोजेन," ती म्हणाली. "आत्याला बसवणार नाही."

तो हसल्याचं तिला मागून ऐकू आलं. बसमध्ये असताना त्याच्याकडे बघून जे बोलणं जमलं नव्हतं, ते पाठ फिरवून जमेल असं तिला वाटलं. पण दोन शब्दांवर गाडी अडली. गेले तीन आठवडे जी तगमग चालली होती, ती आता या पाच बोटं रुंद रेघेवर मावेना.

ती थांबली आणि वळली. मागचे चार-पाच जणही थांबले. एका आजोबांनी घड्याळ पाहिलं.

"मला बस पण हवी," श्यामला म्हणाली, "आणि तुम्ही पण. एकाच्या बदल्यात दुसरं नको."

यशोवर्धन कानापर्यंत लाल झाला आणि एक पाऊल पुढे येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. त्या रस्त्यावर दोघांना जागा नव्हती. तरी ते शेजारी शेजारी चालू लागले, आणि मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत राहिला, वाजवतच राहिला.