बाबांचा होकार

"उठा! अहो काका, आधी उठा!"

बाबा दचकून उठले. जुन्या राजवाड्याची ती पायरी सकाळीच नव्यानं बसवली होती, आणि तिच्यावरचा ओला चुना आता बाबांच्या पँटीवर होता. ओरडणारा पाथरवट हातात छिन्नी घेऊन धावत आला. मी भांडायच्या तयारीतच होते.

"पाटी लावता येत नाही?"

"लावलीये की." त्यानं बोट दाखवलं. पाटीवर आमच्या आत्यानं आपली ओली छत्री अडकवली होती!

माझं तोंड एवढंसं झालं. तो मात्र हसला नाही. बाबांना हळूच म्हणाला, "कोपऱ्यावर पब आहे. लगेच पुसलं तर डाग जाईल. चला, दाखवतो."

असा तो भेटला.

आई गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते आणि मीही कामापुरतीच पडत होते. शेवटी आत्यानं हट्टानं तिकिटं काढली आणि आम्हा दोघांना दहा दिवस राजधानी बघायला ओढत आणलं. बाबांची अट एकच, एक वास्तू बघितली की एक पब. गुडघ्यांना खुर्ची हवी म्हणे. अर्धा ग्लास बिअर ते तासभर पुरवायचे आणि आत्या तेवढ्यात सगळ्यांचे शेंगदाणे फस्त करायची.

पाथरवट मग रोज दुपारच्या सुट्टीत त्याच पबमध्ये यायला लागला. आम्हीही, किल्ला बघू नाहीतर संग्रहालय, फिरून फिरून तिथेच यायचो. कसं ते विचारू नका.

"हा किल्ला तीनदा पडला, तीनदा आम्ही उभा केला," तो सांगायचा.

"आम्ही म्हणजे कोण? तीनशे वर्षांचे आहात का तुम्ही?"

"आम्ही पाथरवट. राजे लोक पाडायचे, आम्ही बांधायचो. तुम्ही काय करता?"

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते."

"मग माझे तपासा ना. चार दिवस झाले... एकच माणूस दिसतंय."

आत्याला ठसका लागला. मी ग्लासातल्या फेसाकडे बघत म्हटलं, "जवळचं दिसतंय, पण लांबचं दिसत नाहीये तुम्हाला. रविवारी आमची गाडी आहे."

त्यावर तो चुन्यानं भेगाळलेला अंगठा ग्लासच्या कडेवरून फिरवत राहिला. मला स्वतःचाच राग आला. काय गरज होती बोलायची?

शनिवारी घड्याळाचा मनोरा चढायचा होता. बाबा आणि आत्या खालीच बसले, पाथरवट माझ्याबरोबर आला. अरुंद, काळोख्या जिन्यात त्यानं हात पुढे केला... धरला मात्र मीच. वर वारा होता, खाली भुरभुर पावसात भिजलेली कौलं. माझा हात अजून त्याच्याच हातात होता.

"इथेही लोकांचे डोळे बिघडतात," तो म्हणाला.

"बाबांना माझ्याशिवाय कोण आहे?" मी म्हटलं. "त्यांच्या गोळ्या, गुडघ्यांचं तेल, जेवण... नाही हो. मला नाही जमायचं."

हात सोडवून घेतला आणि सगळा जिना एकटी उतरले. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

रविवारी शेवटचा पब. पिशव्या खुर्चीपाशी, गाडी चारची. तो आला, हात स्वच्छ धुऊन. बसला. आणि एकदम म्हणाला,

"आपण... आपण इथेच राहायचं का?"

दहा दिवस त्याचं 'आम्ही' आणि 'तुम्ही' चाललं होतं. हे 'आपण' पहिलंच. त्यात कोण दोघं आहेत ते मला तत्क्षणी कळलं आणि माझे कान तापले.

"राहू की!" बाबा खुशीत म्हणाले. "अजून अर्धा तास आरामात बसू सगळे. मलाही उठवत नाहीये."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे दादा, त्या 'आपण'मध्ये तू नव्हतास!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"असं होय," ते म्हणाले.

मी घाईनं पिशवी उचलली. "चला बाबा, गाडी चुकेल."

"बस खाली." चार वर्षांत त्यांचा हा आवाज मी ऐकला नव्हता. "आई गेली तेव्हा मला घरात कुणीतरी हवं होतं. आणि तुला कुठे जायचंच नव्हतं. माझ्याआड बरी लपलीस तू, आणि मीही लपू दिलं. चूक माझी. गोळ्या काय, तुझी आत्याही देईल."

"वेळेवर देईन," आत्या म्हणाली. "आणि पबच्या वरची खोली रिकामी आहे. कालच विचारून ठेवलंय मी."

"महिनाभर राहून बघ," बाबा म्हणाले. "नाही पटलं तर घर आहेच. आणि मी तर हो म्हणून बसलोय. आता ह्या वयात शब्द फिरवू?"

"तुम्हाला करमेल माझ्याशिवाय?"

"नाही करमणार." बाबांना खोटं बोलता येत नाही. "सवय करेन."

स्टेशनवर त्यांनी मला येऊ दिलं नाही. आपण रडलो तर आत्या गावभर करेल, म्हणाले. टॅक्सीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ.

टॅक्सी निघाली. पाथरवट माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मला हुंदके आवरत नव्हते. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहते मी," मी म्हटलं. "पण आत्ता काही बोलू नकोस."

पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं मी. त्यानं नुसती मान हलवली, आणि टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत माझा हात धरून उभा राहिला.