ओळखीचं स्वरूप

"...म्हणून कंत्राटदाराला सहा दिवसांची मुदतवाढ देण्यात येत आहे!" मी जिन्यातल्या रिकाम्या भिंतीला ठणकावून सांगितलं, आणि वरून आवाज आला —

"सहाच? भिंत बिचारी काही बोलत नाही म्हणून काय झालं!"

माझ्या हातातले कागद थेट खालच्या मजल्यापर्यंत उडत गेले. वरच्या वळणावर एकजण आरामात बसला होता. मांडीवर ड्रॉइंगची गुंडाळी, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद आणि डोळ्यांत निव्वळ चेष्टा.

"लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावर नकाशे द्यायला निघालो होतो. वाटेत निवाडा लागला, म्हणून थांबलो."

"चोरून ऐकत होतात?"

"चोरून कसलं? तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं!"

कान तापले माझे. पण कागद वेचायला तोच आधी खाली धावला.

बांधकामाच्या कंत्राटांवरून होणाऱ्या भांडणांचा निवाडा करायला मी तेव्हा शिकत होते. मालक म्हणतो, यांनी काम रखडवलं. कंत्राटदार म्हणतो, यांनीच आम्हाला अडवलं. दोघांचं ऐकायचं, कागद तपासायचे आणि अठ्ठावीस दिवसांत सांगायचं, कोण बरोबर. कागदावर मला सगळं जमायचं. चारचौघांत वाचायची वेळ आली की घशाला कोरड. मला शिकवणाऱ्या मॅडमच्या हाताखाली तीन खरी प्रकरणं नीट पार पाडली की सनद मिळणार होती. एकात जरी घसरले, तर पुन्हा वर्षभर थांबा. "शिकता शिकता म्हातारी होशील गं," असं आई म्हणायची, तेही न हसता.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा जिन्यात भेटला. त्याच्या पुढच्याही. लिफ्ट तर केव्हाच दुरुस्त झाली होती...

"काय निवाडेबाई, आज कुणाला झोपवणार?"

"तुम्हाला. गप्प बसून ऐका."

तो ऐकायचा. मी अडखळले की हळूच म्हणायचा, "घाई नाही. काँक्रीटलासुद्धा वेळ द्यावा लागतो." आणि माझा आवाज खरंच घट्ट व्हायचा. तो कुठल्यातरी कंपनीत साइट इंजिनीयर होता, एवढंच मला माहीत. कंपनी कुठली, साइट कुठली, मी विचारलं नाही. आम्हाला बोलायला दुसरे विषय कमी नव्हते.

एका बुधवारी माझा दुसरा निवाडा मॅडमसमोर होता. तीन वाजता आत गेले, सहाला बाहेर आले. तो पायरीवर बसलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भिजलेली.

"काय झालं?" त्याने माझ्याआधीच विचारलं.

"पास!"

तो इतका हसला, की मला जिन्याचा कठडा धरावा लागला.

मग तिसरं प्रकरण आलं. शाळेच्या इमारतीचा पाया. कंत्राटदाराचं म्हणणं, मालकाच्या फुटक्या नळामुळे खड्ड्यात अकरा दिवस पाणी भरत होतं. मालकाचं म्हणणं, पाणीबिणी सगळं सोंग. साइटवर कुणी फिरकतच नव्हतं.

पहिल्या बैठकीत दार उघडलं आणि कंत्राटदारामागून ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन... तो.

मॅडमनी नेहमीचा फॉर्म पुढे सरकवला. इथल्या कुणाशी ओळख असेल तर आधीच लिहून द्यायची. मग त्या प्रकरणातून बाजूला व्हायचं, आणि सनद पुढच्या वर्षावर. माझं पेन थांबलं. तो माझ्याकडे बघत होता. ओळख म्हणजे काय हो? जिन्यात चार शब्द, दोन कप चहा... याला ओळख म्हणतात? आणि एक वर्ष! अख्खं एक वर्ष!

मी लिहिलं — "कोणाशीही नाही."

त्याने मान खाली घातली. एका बाजूच्या माणसाशी एकटीने बोलायची मला बंदी होती, म्हणून त्या दिवसापासून तो जिन्यात आला नाही. मी मात्र दर बुधवारी जिन्यानेच जायचे. वळणाशी पोचेपर्यंत छातीत धडधड, वळण ओलांडलं की सगळं रिकामं.

आणि मग पुराव्यात त्याची साइट डायरी आली. पान उलटलं आणि मी तिथेच थांबले. माझ्या दुसऱ्या निवाड्याच्या त्या बुधवारची नोंद, त्याच्याच अक्षरात: "दिवसभर पंप चालू. मी सायंकाळी सातपर्यंत साइटवर हजर."

सहा वाजता तर तो माझ्यासमोर होता.

हे अख्ख्या जगात दोघांनाच माहीत होतं. बोलले, तर त्याचा शब्द खोटा पडणार. गप्प राहिले, तर माझा निवाडाच खोटा. घास गिळेना. आईने कपाळाला हात लावून पाहिला, "ताप तर नाही," म्हणाली. तापच बरा होता.

शेवटच्या बैठकीत मॅडमनी चष्मा पुसायला घेतला, तेव्हा मी उठून उभी राहिले.

"मॅडम, माझा फॉर्म मला परत हवाय. त्यात मी खोटं लिहिलंय."

खोलीत पंख्याचा आवाज अचानक मोठा झाला. मॅडमनी फॉर्म काढला. "ओळख कोणाशी?"

मी त्याच्याकडे बोट केलं.

"ओळखीचं स्वरूप? दोन्ही बाजूंना हे कळलं पाहिजे. नात्यातली, की व्यवहारातली?"

"दोन्ही नाही..."

"मग?"

"मला... मला ते आवडतात, मॅडम."

मालकाच्या म्हाताऱ्या वकिलांच्या हातून पेनचं टोपण पडलं. ते घरंगळत टेबलाच्या टोकाला जाऊन थांबलं, तरी कुणी हललं नाही.

"आणि त्या बुधवारी सहा वाजता ते साइटवर नव्हते," मी एका दमात म्हणाले. "या इमारतीत होते. माझ्यासाठी. पण त्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भिजलेली होती."

"म्हणजे पाणी होतं?" कंत्राटदार उसळला.

"म्हणजे माणूस नव्हता!" वकीलही उसळले.

तो उठला. चेहरा पांढराफटक, आवाज मात्र स्थिर. "त्या बरोबर बोलतायत. ती नोंद मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली. खोटी लिहिली. बाकीचे दहा दिवस खरे आहेत. हवं तर मजुरांना विचारा."

मॅडमनी मला प्रकरणातून काढलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, म्हणाल्या. मी दाराशी पोचले तेव्हा चष्म्यावरून बघत एवढंच पुटपुटल्या, "आवाज मात्र आज कापला नाही तुझा."

बाहेर टळटळीत ऊन होतं. मी फाटकाशी उभी राहिले — जावं, की थांबावं? पाऊण तासाने तो बाहेर आला. एकटाच.

"तुमचे साहेब?"

"बोलत नाहीयेत माझ्याशी."

"माझ्यामुळे..."

"डायरी कुणी लिहिली? तुम्ही?" तो फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. मला वाटलं, संपलं. "आत तुम्ही जे म्हणालात... ते फॉर्मपुरतं होतं, की —"

"फॉर्ममध्ये एकदा खोटं लिहून पाहिलंय. तीन आठवडे झोप नाही मला."

"माझी बाजू कुणी ऐकलीच नाही आत."

"सांगा ना," मी म्हणाले.

"अकरा वर्षं नोकरी करतोय. त्या दिवशी खड्ड्यात गुडघ्याएवढं पाणी होतं, पंप मजुरांवर टाकला आणि साइट सोडून निघालो. जन्मात पहिल्यांदा. तुम्ही नापास झालात, तर जिन्यात एकट्या रडत बसाल असं वाटलं..." त्याने मान वर केली. "आता याला काय म्हणतात, ते तुम्हीच लिहा."

मला काही लिहिता आलं नसतं. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. त्याने ड्रॉइंगची गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतली. माझ्या बाजूचा हात रिकामा झाला.

मी तो धरला.